पित्ताशयाची शस्त्रक्रिया किती अवघड जाईल? तीव्रता-श्रेणी काय सांगते आणि काय सांगत नाही

एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियागृहात, एकाच नावाच्या दोन शस्त्रक्रिया होतात. कागदोपत्री दोन्हींची नोंद ‘दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढणे’ अशीच असते. पहिली पाऊण तासात आटोपते आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो. दुसरी तीन तास चालते, मध्येच पोट उघडावे लागते, आत नळी ठेवावी लागते आणि रुग्णालयातील मुक्काम आठवड्यावर जातो. शल्यचिकित्सक तोच असतो, साधनेही तीच असतात. फरक असतो तो पित्ताशयाच्या अवस्थेत. ही अवस्था ओळखून तिला क्रमांक देता आला, तर शस्त्रक्रियेचा परिणाम कितपत वर्तवता येईल, या प्रश्नातून ‘तीव्रता-श्रेणी’ची कल्पना पुढे आली.

गेल्या तीन दशकांत अशा अनेक श्रेणी जगभर तयार झाल्या. त्यांतील काही शस्त्रक्रियेपूर्वी लावल्या जातात, तर काही दुर्बीण पोटात गेल्यावर. त्या नेमके काय सांगतात आणि कुठे थांबतात, हे रुग्णालाही ठाऊक असणे हिताचे आहे. कारण शस्त्रक्रिया केव्हा, कुठे आणि कोणाच्या हातून व्हावी, हा निर्णय पुष्कळदा याच क्रमांकांच्या आधारे घेतला जातो.

‘पित्त’ आणि पित्ताशय

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या बाजूस चिकटलेली लहानशी पिशवी. यकृतात तयार होणारा पित्तरस तिच्यात साठतो, घट्ट होतो आणि स्निग्ध अन्न पोटात गेले की नलिकेवाटे लहान आतड्यात सोडला जातो. पित्तरसातील घटकांचे प्रमाण बिघडले की त्यात खडे तयार होतात. पुष्कळांना हे खडे आयुष्यभर त्रास देत नाहीत. मात्र एखादा खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की उजव्या बरगडीखाली तीव्र कळ येते. अडथळा सुटला नाही तर पित्ताशयाची भिंत सुजते, जाड होते आणि पुढे तिचा रक्तपुरवठाही खंडित होऊ शकतो. यालाच तीव्र पित्ताशयदाह म्हणतात.

मराठी भाषकांच्या बाबतीत येथे शब्दाचाच एक घोटाळा होतो. बोलीभाषेत ‘पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. अंगावर उठणाऱ्या गांधींनाही ‘पित्त’च म्हटले जाते. या दोन्हींचा पित्ताशयाशी संबंध नाही. तरीही जेवणानंतर उठलेली पित्ताशयाची कळ ‘पित्त’ समजून घरगुती उपायांवर निभावण्याचा प्रयत्न होतो आणि त्यात दिवस निघून जातात. हा विलंब पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणवतो, कारण त्रास सुरू होऊन किती काळ लोटला हा तीव्रता ठरवण्याच्या प्रमुख निकषांपैकी एक आहे.

पोट उघडण्यापासून दुर्बिणीपर्यंत

पित्ताशय काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये केली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे पोटावर मोठा छेद घेऊनच हे काम होत असे. १९८५ मध्ये जर्मनीतील एरिख म्युहे यांनी दुर्बिणीच्या साह्याने पित्ताशय काढून दाखवले. भारतात ही पद्धत १९९० मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात सुरू केली. लहान छिद्रे, कमी वेदना आणि लवकर सुट्टी यांमुळे ती झपाट्याने रूढ झाली.

या पद्धतीबरोबर एक चिंताही आली. पित्ताशयाची नलिका कापताना चुकून यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला इजा झाली, तर रुग्णाला पुढे मोठ्या दुरुस्ती-शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षे राहू शकतात. अशा इजा विरळा असतात. हजारात साधारण तीन ते पाच, असे प्रमाण वैद्यकीय साहित्यात सामान्यतः सांगितले जाते. त्या टाळण्यासाठी अमेरिकी शल्यचिकित्सक स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक नियम मांडला. पित्ताशयाच्या मुखाजवळचा त्रिकोणी भाग चरबी व तंतूंपासून मोकळा करावा, पित्ताशयाचा खालचा तृतीयांश भाग यकृतापासून सुटा करावा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये, असा तो नियम. सूज, चिकटलेले पडदे आणि घट्ट तंतू यांमुळे हे दृश्य मिळवणे अवघड होते. ते कोणत्या रुग्णात अवघड जाईल, याचा आधी अंदाज बांधण्याची गरज येथूनच वाढली.

टोकियोचे तीन वर्ग

सर्वाधिक वापरली जाणारी श्रेणी ‘टोकियो मार्गदर्शक तत्त्वां’ची आहे. ती २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि २०१३ व २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यात तीव्र पित्ताशयदाहाचे तीन वर्ग केले आहेत.

तिसरा वर्ग सर्वांत गंभीर. आजाराचा परिणाम पित्ताशयापुरता न राहता शरीराच्या अन्य संस्थांवर झाला असेल, तर रुग्ण या वर्गात येतो. रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांची धार लावावी लागणे, शुद्ध हरपू लागणे, फुप्फुसांची प्राणवायू घेण्याची क्षमता घटणे, लघवी कमी होणे किंवा रक्तातील क्रिएटिनिन २ मिलिग्रॅमच्या वर जाणे, रक्त गोठण्याचा ‘आयएनआर’ १.५ पेक्षा अधिक होणे, प्लेटलेटची संख्या १ लाखाखाली उतरणे, यांपैकी एकही लक्षण पुरेसे असते.

दुसऱ्या वर्गात अवयव शाबूत असतात, पण स्थानिक दाह मोठा असतो. श्वेतपेशी १८ हजारांच्या वर, उजव्या बरगडीखाली हाताला लागणारी दुखरी गाठ, त्रास सुरू होऊन ७२ तासांहून अधिक काळ, किंवा गँगरीन, पित्ताशयाभोवती पू, पोटात पसरलेला पित्तरस यांसारखी खूण, यांपैकी काहीही एक आढळले की रुग्ण या वर्गात मोडतो. या दोन्हींत न बसणारे सगळे पहिल्या, म्हणजे सौम्य वर्गात.

या वर्गवारीची विशेषता अशी की तिला लागणारी माहिती साध्या रक्ततपासण्या, हाताने केलेली तपासणी आणि सोनोग्राफी यांतून बव्हंशी मिळते. तालुक्याच्या गावातील डॉक्टरने शहरातील रुग्णालयाला दूरध्वनीवरून ‘दुसरा वर्ग, चौथा दिवस’ एवढे सांगितले, तरी पलीकडच्याला चित्र उभे करता येते. श्रेणीचा पहिला लाभ हाच, की तिच्यामुळे दोन डॉक्टरांना एक समान भाषा मिळते.

मृत्यूचा धोका वेगळा, कष्टाचा वेगळा

ही श्रेणी परिणाम खरोखर वर्तवते का, याची पडताळणी जपान व तैवान यांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात झाली. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या या नोंदींत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या वर्गात १.१ टक्के, दुसऱ्यात ०.८ टक्के आणि तिसऱ्यात ५.४ टक्के आढळले.

आकडे चढत्या क्रमाने असावेत, ही स्वाभाविक अपेक्षा. प्रत्यक्षात पहिला आणि दुसरा वर्ग जवळपास सारखेच निघाले आणि तिसरा मात्र एकदम उंच गेला. यावरून श्रेणी फसली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातील सीमारेषा स्थानिक दाहाची आहे. शस्त्रक्रिया किती वेळ चालेल, पोट उघडण्याची वेळ येईल का, या प्रश्नांशी तिचा संबंध अधिक. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातील सीमारेषा अवयवांच्या कार्याची आहे; रुग्णाच्या जिवाशी तिचा थेट संबंध. म्हणजे एकाच शिडीच्या दोन पायऱ्या दोन निरनिराळ्या गोष्टी मोजतात. ‘परिणाम’ या एका शब्दाखाली मृत्यू, गुंतागुंत, शस्त्रक्रियेचा कालावधी आणि रुग्णालयातील मुक्काम हे सारे एकत्र केले, की हा भेद हरवतो. श्रेणी वाचताना ती कोणत्या परिणामासाठी तयार झाली, हे आधी पाहावे लागते.

रुग्णाचे एकूण आरोग्य हा तर या श्रेणीबाहेरचाच विषय. म्हणून टोकियो तत्त्वांच्या २०१८ च्या आवृत्तीत आजाराच्या वर्गासोबत रुग्णाची भूल सहन करण्याची क्षमता आणि मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडविकार यांसारख्या जुन्या व्याधींचा भार यांचेही मोजमाप करण्यास सांगितले आहे. सौम्य दाह असलेला हृदयरुग्ण हा मध्यम दाह असलेल्या निरोगी तरुणापेक्षा अधिक जोखमीचा असू शकतो.

भारतीय गुणपत्रक

तातडीने दाखल झालेल्यांखेरीज आधी तारीख ठरवून शस्त्रक्रियेला येणाऱ्या रुग्णांची संख्याही मोठी असते. त्यांच्यासाठी भारतात तयार झालेली एक पद्धत देशाबाहेरही अभ्यासली गेली. रंधावा आणि पुजहारी यांनी २००९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त ती मांडली. तिच्यात एकूण १५ गुण आहेत. पन्नाशी ओलांडलेली असल्यास १, पुरुष असल्यास १, पूर्वी तीव्र दाहासाठी रुग्णालयात राहावे लागले असल्यास तब्बल ४, वजन-उंची निर्देशांकानुसार २ पर्यंत, पोटावरील जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणासाठी २ पर्यंत, पित्ताशय हाताला लागत असल्यास १, सोनोग्राफीत भिंत ४ मिलिमीटरहून जाड असल्यास २, भोवती द्रव असल्यास १ आणि खडा अडकलेला असल्यास १. पाचपर्यंत गुण म्हणजे सोपी, सहा ते दहा म्हणजे अवघड आणि त्यापुढे अत्यंत अवघड शस्त्रक्रिया, असे भाकीत केले जाते.

उदाहरणार्थ, ३५ वर्षांची, बेताच्या वजनाची, पूर्वी कधीही दाखल न झालेली आणि सोनोग्राफीत पातळ भिंत दिसणारी स्त्री शून्य गुण मिळवते. ५५ वर्षांचा, २८ निर्देशांकाचा, वर्षभरापूर्वी दाहासाठी दाखल झालेला आणि जाड भिंत असलेला पुरुष दहा गुणांवर पोहोचतो. त्याच्या पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकलेला असेल तर अकरावर. पूर्वीच्या दाहाला मिळालेले चार गुण लक्षणीय आहेत. एकदा सुजून निवळलेले पित्ताशय वरकरणी शांत दिसते, पण आत व्रणाचे घट्ट तंतू मागे राहतात आणि रचना एकमेकींना चिकटतात.

मूळ अभ्यासात २२८ रुग्ण होते. सोपी ठरेल असे भाकीत ८८.८ टक्के वेळा आणि अवघड ठरेल असे भाकीत ९२ टक्के वेळा खरे ठरले. हे यश मोठे आहे. तथापि या सर्व शस्त्रक्रिया एकाच अनुभवी शल्यचिकित्सकाने केलेल्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे लागते. त्याच्या हातात जी शस्त्रक्रिया तासाभरात होते, तिला नवख्याच्या हातात दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणून एका ठिकाणी तयार झालेली श्रेणी दुसऱ्या ठिकाणी लावण्यापूर्वी तेथील रुग्णांवर आणि तेथील शल्यचिकित्सकांच्या हाती ती पारखून घेणे आवश्यक असते.

दुर्बिणीतून पहिली नजर

बाहेरून कितीही अंदाज बांधला, तरी पोटात दुर्बीण गेल्यावर दिसते तेच खरे. या क्षणाची नोंद करणाऱ्या श्रेणी वेगळ्या आहेत. अमेरिकेतील डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयातून २०१८ मध्ये पुढे आलेल्या श्रेणीत पाच पायऱ्या आहेत. पहिलीत पित्ताशय निळसर, स्वच्छ आणि मोकळे असते. दुसरीत त्याच्या मानेशी थोडे चिकटलेपण असते. तिसरीत लालसरपणा, ताण, भोवतीचा द्रव किंवा मध्यभागापर्यंत पोहोचलेली चिकटण दिसते. चौथीत पित्ताशयाचा बहुतांश भाग झाकला गेलेला असतो, किंवा अडकलेला खडा वा यकृताची वेगळी रचना वाट बिकट करते. पाचवीत पित्ताशय फुटलेले, सडलेले किंवा अजिबात न दिसणारे असते.

ब्रिटनमध्ये रूढ असलेली नासर श्रेणी पित्ताशयाचे शरीर, त्याच्या नलिकेचा भाग आणि चिकटण या तिन्हींचा स्वतंत्र विचार करते आणि त्यांतील सर्वांत बिकट भागावरून अंतिम क्रमांक ठरवते. ब्रिटन व आयर्लंडमधील आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर ती तपासली गेली. श्रेणी जसजशी चढते, तसतसे पोट उघडण्याचे, गुंतागुंतीचे आणि पुन्हा उपचार करावे लागण्याचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसून आले.

रुग्ण भुलेखाली गेल्यावर मिळणारा हा क्रमांक त्याला आधी सांगता येत नाही, मग त्याचा उपयोग काय, असा प्रश्न पडू शकतो. पहिला उपयोग त्याच क्षणी होतो. चौथी किंवा पाचवी पायरी दिसताच अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावणे आणि पर्यायी मार्गाची तयारी ठेवणे शक्य होते. प्रशिक्षणार्थीने कोणत्या पायरीपर्यंत स्वतः हात चालवावा, हेही त्यावरून ठरवता येते. दुसरा उपयोग नंतरच्या हिशेबाचा. एखाद्या रुग्णालयात गुंतागुंतीचे प्रमाण जास्त दिसले, तर तेथील काम निकृष्ट आहे की तेथे बिकट रुग्णच अधिक येतात, हे श्रेणीच्या नोंदीवाचून कळत नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पाठवलेले रुग्ण स्वीकारणारी सरकारी रुग्णालये अशा तुलनेत नाहक बदनाम होऊ शकतात.

थांबावे की तातडीने करावे

श्रेणीचा प्रत्यक्ष निर्णयावर परिणाम होतो तो वेळेच्या बाबतीत. आधी औषधांनी दाह शमवावा आणि सहा-आठ आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी, अशी जुनी रीत होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६१८ रुग्णांचा समावेश असलेल्या जर्मनीप्रणीत चाचणीत दाखल झाल्यापासून २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये त्रासाचे प्रमाण ११.८ टक्के, तर लांबवलेल्यांमध्ये ३४.४ टक्के आढळले. सुरुवातीच्या दिवसांत सुजेतील पाण्यामुळे थर सहज सुटे होतात. पुढे तेच थर तंतूंनी बांधले जातात. म्हणून पहिल्या वर्गातील आणि प्रकृतीने सक्षम रुग्णांसाठी लवकर शस्त्रक्रिया हाच आता सर्वसाधारण सल्ला आहे. दुसऱ्या वर्गातही ती करता येते, मात्र अनुभवी पथक आणि सुसज्ज केंद्र असल्यास.

तिसऱ्या वर्गात आधी रुग्णाला सावरणे, प्रतिजैविके देणे आणि गरज भासल्यास त्वचेतून नळी घालून पित्ताशयातील पू व पित्तरस बाहेर काढणे, हे मार्ग पुढे येतात. परंतु ‘जोखीम जास्त म्हणजे नळीच बरी’ असा सरसकट नियमही टिकत नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॉकलेट’ नावाच्या चाचणीत जोखमीचे, पण अत्यवस्थ नसलेले १४२ रुग्ण होते. त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली. नळी घातलेल्यांमध्ये हे प्रमाण ६५ टक्के होते. सौम्य वाटणारा मार्ग येथे अधिक महाग पडला.

श्रेणी एकदाच ठरवून विसरून जाण्याचीही नसते. रुग्णाची अवस्था तासागणिक बदलते. त्यामुळे पहिल्या २४ तासांत आणि पुन्हा २४ ते ४८ तासांच्या दरम्यान तिचा फेरविचार करावा, असे टोकियो तत्त्वे सांगतात.

भाकिताची मर्यादा

कोणतीही श्रेणी समूहाविषयी बोलते, व्यक्तीविषयी नाही. चौथ्या पायरीवरील शंभर जणांपैकी किती जणांचे पोट उघडावे लागेल, याचा ती अंदाज देते. त्या शंभरांतील अमुक एकाचे उघडावे लागेल का, हे सांगत नाही.

विरळ घटनांच्या बाबतीत ही मर्यादा अधिक ठळक होते. मुख्य पित्तनलिकेची इजा हजारात तीन असे धरले आणि एखाद्या श्रेणीत हा धोका तिपटीने वाढतो असे मानले, तरी त्या श्रेणीतील हजारांपैकी ९९१ जणांना इजा होणार नाही. उलट, सोप्या श्रेणीतील रुग्णांची संख्याच मोठी असल्याने काही इजा तेथेही होतात. श्रेणी कमी आहे म्हणून स्ट्रासबर्ग यांच्या नियमात सूट घेणे त्यामुळेच धोक्याचे. वेळ आणि मुक्काम यांचे भाकीत श्रेणी बऱ्यापैकी करते. सर्वांत भीतीदायक दुर्घटनेचे भाकीत करण्यात ती कमी पडते. त्या दुर्घटनेवरचा उपाय प्रत्येक शस्त्रक्रियेत पाळलेली शिस्त हाच आहे.

ही शिस्त कधी कधी थांबायला सांगते. दृश्य स्पष्ट होत नसेल, तर पित्ताशयाचा धोकादायक भाग तसाच ठेवून उर्वरित भाग काढणे, पोट उघडणे, किंवा केवळ नळी ठेवून रुग्णाला मोठ्या केंद्राकडे पाठवणे, हे मान्य पर्याय आहेत. ‘दुर्बिणीने सुरू केले आणि पोट फाडले’ अशी तक्रार नातेवाइकांकडून ऐकू येते. पुष्कळदा तो अपयशाचा नव्हे, तर वेळीच घेतलेल्या सावध निर्णयाचा पुरावा असतो. शस्त्रक्रियेपूर्वीच श्रेणी समजावून सांगितली आणि ही शक्यता संमतिपत्राच्या वेळी मोकळेपणाने बोलली गेली, तर हा गैरसमज टळू शकतो.

रुग्णाने काय विचारावे

शस्त्रक्रिया ठरवताना रुग्णाने किंवा घरच्यांनी काही साधे प्रश्न विचारणे उपयोगी ठरते. माझा दाह कोणत्या वर्गात मोडतो? शस्त्रक्रिया अवघड जाण्याची कोणती कारणे माझ्या तपासण्यांत दिसतात? तसे झाल्यास येथे अनुभवी सहकारी, अतिदक्षता विभाग आणि रक्ताची सोय आहे का? पुढचा पर्याय कोणता? पूर्वीचे सोनोग्राफीचे अहवाल आणि आधी दाखल झाल्याची कागदपत्रे सोबत नेणेही महत्त्वाचे, कारण त्यांतील एखादी जुनी नोंद एकूण गुणांमध्ये चारची भर घालू शकते. ताप, थंडी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा काही तास न थांबणारी उजव्या बरगडीखालची कळ असल्यास, ते ‘पित्त’ आहे असे गृहीत धरून वाट पाहू नये. टोकियो श्रेणीतील ७२ तासांची मोजणी रुग्णालयाच्या दारात पाऊल ठेवल्यापासून नव्हे, तर त्रास सुरू झाल्यापासून होते.